अडकलेली नोंद

वीज गेलेली होती, तरी दाण्याचं कूट हवंच म्हणून आईने इन्व्हर्टरवर मिक्सर फिरवला. इन्व्हर्टर बसला आणि त्याच्यावर चालणारी, विसराळू झालेल्या आईला तिच्या आठवणी पुरवणारी पेटीही झटक्यात बंद पडली.

सकाळपासून ऋजुता त्या पेटीशी झटत होती. वीज आली, पेटी सुरू झाली, पण आई दोन वर्षं मागेच राहिली. पायाशी रांगणाऱ्या नातीकडे बघून ती म्हणाली, “गोड आहे हो पोर. कुणाची?”

“माझी,” ऋजुता पुन्हा एकदा म्हणाली. आई हसली, आणि थोड्या वेळाने तिने परत तेच विचारलं.

फोनवर कंपनीचा दळवी शांतपणे डोकं उठवत होता. “ताई, नोंदी क्रमानेच परत बसतात. एक खराब झालीय. ती नव्याने आत गेल्याशिवाय पुढच्या येणार नाहीत.”

“मग घाला की. पैसे कशाचे घेता?”

“आम्हाला नाही घालता येत. त्यांनी ती घरच्या माणसाकडून ऐकायला हवी.”

“अहो, पण कुठली?”

“दिवस तेवढा दिसतोय. दोन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी.”

ऋजुताने फोन ठेवला. त्याच पहाटे बाबा गेले होते.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “अगं, बाबा येतीलच इतक्यात. त्यांचाही चहा टाकते.”

ऋजुताने जाऊन गॅस बंद केला, आईला खाली बसवून लेकीला तिच्या मांडीवर दिलं आणि ती समोर बसली.