फुकटचा गिअर

१५.१

"टायरमध्ये हवा वाढवून बघा, जावईबापू," सासरे म्हणाले. "टायर नरम असले की गाडी पेट्रोल पिते."

जावयाने पंपावर हवा भरून घेतली, टाकी काठोकाठ फुल केली आणि किलोमीटरचा मीटर शून्यावर आणला. पुढच्या खेपेला टाकी पुन्हा फुल करायची आणि पळालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. जो आकडा येईल तो गाडीचा ॲव्हरेज. बायको गेल्यापासून त्याला हा एकच नाद लागला होता.

दर रविवारी तो सासऱ्यांना डोंगरापलीकडे त्यांच्या आजारी बहिणीकडे घेऊन जायचा. कुणी सांगितलं नव्हतं. सासरे काठी गुडघ्यांत धरून शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांची मुलगी नेहमी इथेच बसायची. गाडीही तीच. ठोकल्यानंतर ती न विकता त्याने दुरुस्त करून घेतली होती. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा नवा बसवलेला, बाकी गाडीपेक्षा जरा जास्तच पांढरा. त्या दरवाजाकडे पाहिलं की सासऱ्यांचं डोकं सणकायचं.

बायको गेली आणि हा ॲव्हरेज काढत बसलाय.

१६.४

गॅरेजवाल्याने अपघात झाला तेव्हाच सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. गाडी आणली तेव्हा किल्ली बंद होती. पेट्रोल वाचवायला लोक उतारावर इंजिन बंद करतात. पण आताच्या गाड्यांचे ब्रेक इंजिनच्या जोरावर चालतात, काका. इंजिन बंद असलं की पेडल दोनदा दबतं, तिसऱ्यांदा दगड.

बाकीचं सांगायची गरज नव्हती. गाडी मीच चालवत होतो, हे जावयाने दवाखान्यातल्या खाटेवरूनच सगळ्यांना सांगितलं होतं. खांद्याचं हाड मोडून तो वाचला. ती वाचली नाही.

दोन घोट पेट्रोलसाठी.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्याला नावाने हाक मारणं सोडलं. जावईबापू म्हणायला लागले. त्यालाही ते कळलं असावं. तो त्यांना बाबाच म्हणत राहिला.

१७.९

स्टेपनी काढली. जॅक काढला. मागची सीट काढून सासऱ्यांच्याच गच्चीत नेऊन ठेवली. "वजन उतरलं की गाडी हसते," सासरे म्हणाले. जावई खरंच थोडा हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

सासऱ्यांना तेच हवं होतं. आपला प्रत्येक सल्ला फळाला येतोय असं त्याला दिसलं पाहिजे. म्हणून आठवड्यातून एकदा पहाटे ते डबा घेऊन खाली उतरायचे, दोघांच्या इमारतीखाली लावलेली गाडी मुलीच्या किल्लीने उघडायचे आणि टाकीत थोडं पेट्रोल ओतायचे. मग साबणाने हात धुऊन चहा टाकायचे. ॲव्हरेज वाढत होता. माणूस विश्वास ठेवायला लागला होता. एकदा विश्वास बसला की उतारावर तो स्वतःच्या हाताने किल्ली बंद करेल. त्याच उतारावर.

किल्लीला मुलीचा लाल लोकरीचा गोंडा अजून होता.

ती लहान होती तेव्हा सासऱ्यांकडे एक जुनी मोटार होती. मागच्या सीटवर उभी राहून ती सगळ्यांची नावं बदलायची. वायपर म्हणजे नको-नको. हॉर्न म्हणजे सरका. उतार आला की ओरडायची, "बाबा, फुकटचा गिअर!" आणि सासरे किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. हे शब्द बापलेकींचे होते. जावयासमोर सासऱ्यांनी ते तोंडातसुद्धा आणले नसते.

१९.८

"वीस व्हायला हवा एकदा," जावई म्हणाला. "ती फार म्हणायची."

सासऱ्यांनी काठीची मूठ आवळली. आता तिच्यावर ढकलतोय.

उतारावर इंजिन बंद करून बघा, असं त्यांनी मागे दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. एसी बंद ठेवायचा, खिडक्या लावून घामाघूम व्हायचा, पण उतारावर त्याचं इंजिन चालूच. गाडी गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. भितोय, सासऱ्यांना वाटायचं. पाप केलेला माणूस भितोच.

पण वीसला आता दोन दशांशच कमी होते.

—

चढ संपला तिथे सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली. दार उघडून ते खाली उतरले आणि काठी टेकत वळसा घालून त्या पांढऱ्या दरवाजापाशी आले. समोर रस्ता वळत वळत खाली पुलाकडे गेला होता.

"माझं सत्तर किलो उतरलं," ते म्हणाले. "मी मागून चालत येतो. किल्ली बंद करा आणि द्या सोडून. पुलापर्यंत थेंब लागणार नाही. आज वीस झालाच म्हणून समजा."

जावयाचा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मला नाही जमायचं, बाबा."

"का?" वर्षभर दाताखाली धरलेलं वाक्य अखेर सासऱ्यांच्या तोंडून निघालं. "तेव्हा बरं जमलं."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. चिडला नाही. नव्या दरवाजाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"मी खोटं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला कधी कळू नये म्हणून. पण तुम्ही सारखं तेच करायला सांगताय, आणि माझ्याच्याने आता होत नाही." त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला. "मी तुमच्या सीटवर होतो. गाडी ती चालवत होती. इथेच, याच वळणावर मला म्हणाली, आता गंमत बघ, बाबांचा फुकटचा गिअर. आणि तिने किल्ली फिरवली."