शेवटची स्लाइड

विज्ञानात वैयक्तिक हेव्यादाव्यांना थारा नसतो. म्हणूनच बाईंनी या सत्राचं अध्यक्षपद खटपट करून मागून घेतलं होतं.

गाडीचा ब्रेक ऐन वेळी लागावा म्हणून संगणकाकडून वेळेत उत्तर कसं काढून घ्यायचं, हा परिषदेचा विषय. सत्र अजून पूर्ण न झालेल्या, चालू संशोधनाचं. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग घंटा. पूर्वी अशाच सत्रात बाई बोलत होत्या आणि अध्यक्ष होते त्यांचेच पीएचडीचे गाइड. मुख्य आकृती यायच्या आत सरांनी घंटा वाजवली, वर म्हणाले, "अगं, उशिरा आलेलं बरोबर उत्तर आपल्यात चूकच धरतात." लोक पोट धरून हसले. बाईंनी तेव्हापासून डूख धरला होता.

आज सर बोलायला उभे होते आणि घंटा बाईंच्या हातात होती. त्यांनी ती मिनिटभर आधीच बडवली.

"अगं, एकच स्लाइड राहिलीय," सर काकुळतीला आले. "तीच तर दाखवायची होती."

"सर, उशिरा आलेलं बरोबर उत्तर आपल्यात चूकच धरतात."

सगळे खदखदून हसले आणि चहाला पळाले. बाईंचा इतकी वर्षं धुमसणारा जीव थंडावला.

सर लॅपटॉप आवरायला वाकले. त्यांचा अंगठा चुकून बटणावर पडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर शेवटची स्लाइड उमटली. 'ही मूळ कल्पना माझ्या विद्यार्थिनीची.' खाली बाईंचं पूर्ण नाव, ठळक अक्षरात.

बाईंनी झटकन वळून हॉलकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. चहाबरोबर त्या दिवशी केक होता.