दोन मिनिटं

वडिलांना स्मशानात पोचवून आली आणि लेकीनं हातोडा उचलून थेट गॅरेज गाठलं. पहिल्या घावात दिवा फुटला, दुसऱ्यात पुढच्या काचेचा चुरा झाला. दोन दारांची ती बुटकी, लाल इटालियन गाडी गल्लीत ‘खटारा’ म्हणूनच ओळखली जायची. बाप मात्र तिला जिवापाड जपायचा. घरात बायकोची हाडं मोडायची आणि गाडीला दर रविवारी पॉलिश व्हायचं.

तिसरा घाव पडणार तोच आई बॉनेटवर आडवी पडली.

“सरक, आई! तुझा हात मोडला त्यानं, आणि त्याच्या गाडीचा तुला पुळका?”

“लोकांना हिची किंमत कळली नाही गं. मला कळली.”

“काय कळलं?”

“टर्बोची गाडी. दामटून आणली आणि लगेच बंद केली तर टर्बो जळतो. म्हणून कितीही भडकून आला, तरी दारात इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं आतच बसायचा.”

हातोडा हवेतच राहिला. रोज संध्याकाळी गाडीचा आवाज आला, की आई हातात वाटी कोंबून तिला मागच्या दारानं शेजारी पिटाळायची. साखर संपली म्हणून. ती परतायची तेव्हा बापाचा हात थकलेला असायचा आणि आई फरशी पुसत असायची.

“आणि साखर?” तिनं विचारलं.

“डबा कायम भरलेला असायचा, बाळ.”