पाठमोरे फोटो

माझ्या टीममधल्या सर्वांत चिवट मुलीची आई सकाळीच पेपर घेऊन बास्केटबॉल कोर्टवर थडकली. "मॅडम, काल फायनल हिच्यामुळे जिंकलो, आणि फोटोत चेहरा त्या हरलेल्या पोरीचा! आमच्या लेकीची नुसती पाठ! वर्षभर हात टॉवेलने मागे बांधून तिला फक्त अडवायला शिकवलंत. बास्केट टाकायला कधी शिकवणार?" मुलगी लाजून बुटाची लेस बांधत बसली. मी आईंना माझ्या खोलीत नेलं. भिंतीवर माझ्या खेळण्याच्या दिवसांतले फोटो आहेत, एकूणएक पाठमोरे. "यात तुम्ही कुठे दिसताय?" "माझं सोडा, समोरच्यांचे चेहरे बघा." प्रत्येक फोटोत कुणीतरी नावाजलेली खेळाडू, हातात बॉल, पण तोंडचं पाणी पळालेलं. आईंनी पेपर पुन्हा उघडून डोळ्यांजवळ नेला. मग दारातूनच लेकीला हाक मारली, "अगं, इकडे ये आधी! काय अवस्था केलीस गं त्या बिचारीची!"