राहून गेलेली ओवी

परतूरच्या ताराबाईंनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवल्या होत्या. सर्वांत स्वस्त सर्व्हर त्यांनीच निवडला होता. बॅकअपचा विषय निघाला, तेव्हा "उगाच खर्च" म्हणून त्यांनीच उडवून लावला होता. मग ती सर्व्हरची कंपनीच बंद पडली आणि सगळ्या ओव्या गेल्या.

ओव्या गाणाऱ्या, आता वारलेल्या गिरजाची लेक कल्याणी मायचा आवाज मागायला आली. ताराबाईंना तिच्याकडं बघवेना.

"बॅकअप घेतला होता गं. तोही कंपनीनंच बुडवला."

"मंग माय दुसऱ्यांदा गेली म्हणायची," कल्याणी म्हणाली.

शरमेनं ताराबाईंनी जुना फोन धुंडाळला. गिरजाची एक ओवी त्यात राहून गेली होती. त्यांनी ती घाईनं लावली. कल्याणीनं डोळे मिटले.

दुसऱ्या ओळीवर गाणं थांबलं.

"बाई," फोनमधून गिरजा हळूच म्हणाली, "माझ्या लेकीसंग तरी खोटं बोलू नका."