ब्रिज पुन्हा गेला

"ब्रिज पुन्हा गेलाय, भाऊजी," दार उघडता उघडताच तृप्तीने सांगितलं.

शेखरने चपला काढल्या आणि तो सरळ आतल्या खोलीत गेला. पलंगावर मनोजला उशांना टेकवून बसवलं होतं. पॉलिटेक्निकपासूनचा मित्र, अंबडच्या कारखान्यातला एकेकाळचा धिप्पाड सुपरवायझर. स्नायूंच्या दुखण्याने आधी त्याचे पाय गेले, मग वाचा. आता उजवं मनगट आणि दोन बोटं तेवढी हलायची. तीही फार दिवस हलणार नाहीत, असं डॉक्टरांनी तृप्तीला सांगून टाकलं होतं. माऊस कायम त्या हाताखाली असायचा. दिवसभर मनोज कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा.

फोनची लाइन याच खोलीत होती, म्हणून इंटरनेट मनोजच्या कॉम्प्युटरवर यायचं. तिथून एक वायर हॉलमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला गेली होती. ही दोन कनेक्शनं जोडणारा ब्रिज शेखरनेच करून दिला होता. हॉलमध्ये बसून तृप्ती परदेशी डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. घर त्यावरच चाललं होतं. ब्रिज गेला की तिचं काम ठप्प.

आणि हल्ली तो सारखा जायचा.

ब्रिज आपोआप जात नाही, कुणीतरी तो काढावा लागतो, हे शेखरला पक्कं ठाऊक होतं. सुरुवातीला त्याला वाटलं, झाडपूस करताना तृप्तीकडून काहीतरी दाबलं जात असेल. मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. एरवी शेजारणीशीही चार शब्द न बोलणारी तृप्ती तो आला की बोलत सुटायची. एकदा तर ती मोठ्याने हसली होती. त्या हसण्यावर शेखरचा आठवडा गेला. एकटा जीव तो. इंदिरानगरला मनोजकडे यायचं असलं की इस्त्रीचा शर्ट घालू लागला. पुढे त्या शर्टाचीच त्याला लाज वाटू लागली. मित्र समोर निजलेला, आणि आपण हे काय करतोय?

आज तो ठरवूनच आला होता.

"वहिनी, बसा इथे. आज ब्रिज तुम्ही करा."

"मला कुठलं जमतंय ते?"

"जमेल. मी सांगतो तसं करा."

तिला आधी कनेक्शनची खिडकीच सापडेना. मग दोन्ही कनेक्शनांची चित्रं एकदम निवडता येईनात. तिसऱ्या खेपेला ब्रिज झाला. स्वतःच काढते आणि किती बेमालूम सोंग करते, शेखरच्या मनात आलं.

"आता गेला तर असाच जोडायचा," तो म्हणाला. "मी नाही येणार."

तिचा हात थबकला. "म्हणजे? कधीच नाही?"

"गरज काय आता?"

तिने माऊस परत मनोजच्या हाताखाली सरकवला. त्याची उशी सारखी करून म्हणाली, "चहा टाकते. तेवढा तरी घेऊन जा."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नळ सुटला तो बराच वेळ वाहत राहिला.

शेखर पलंगाच्या कडेवर टेकला. मनोजकडे न बघता म्हणाला, "मन्या, चुकलं माझं. तिला काही बोलू नकोस, म्हणजे... मनात ठेवू नकोस. फार एकटी पडलीय रे ती."

मनोजने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. नळ अजून वाहतच होता.

मग स्क्रीनवरचा बाण हलला. थरथरत, अडखळत सरकू लागला. पत्त्यांचा डाव उघडत असेल, असं शेखरला वाटलं. बाण ब्रिजवर येऊन थांबला. माऊसवरचं एक बोट जड होत खाली गेलं आणि यादी उघडली. बाण 'डिलीट'वर उतरला, मग दुसरं बोट.

खरंच काढायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं.

मनोजने शेखरकडे बघितलं आणि 'येस' दाबलं.