रुमालाखालचं माणिक

अखेर माणकाचा सौदा झाला. नंदकिशोरकाकांच्या मते मात्र तसं काही झालंच नाही.

वाशीच्या आंतरराष्ट्रीय रत्नप्रदर्शनात ते आणि बँकॉकवाले बन्सीलाल दरवर्षी रुमालाखाली हात धरून, एकमेकांची बोटं दाबून त्याच एका माणकाचा भाव करत. भाव मुद्दामच जुळू देत नसत. जुळला तर पुढच्या वर्षी भेटायचं कशाला?

यंदा स्टॉलवर बन्सीलालची मुलगी होती. काकांनी रुमाल पसरला.

"पापा नहीं रहे, अंकल. आपका ही भाव मंजूर," म्हणत तिनं माणिक पुढं सरकवलं.

काका ते तिथंच सोडून तडक चौकशी खिडकीवर गेले.

"बोला काका, काय प्रॉब्लेम?"

"लिहून घे. सौदा अपूर्ण असल्याने श्री. बन्सीलाल यांना पुढील प्रदर्शनास जातीने हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."